बाटलीतलं रेशीम घेऊन बंगळूरला

येवल्यात आमची एकच खोली होती आणि त्या खोलीत माग होता. जागा आधी मागाला, उरली तर आम्हाला. मागाखाली खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. पावसाळ्यात त्या खड्ड्यात जमिनीतून पाणी झिरपायचं. मग काम बंद, आणि काम बंद म्हणजे भाकरी आणि ठेचा, कधी नुसतीच भाकरी. वडील विणायचे. आई असारीवर, म्हणजे लडी उकलायच्या मोठ्या चाकावर, रेशीम उकलत बसायची. धागा इतका बारीक की डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळायचा. तिच्या पहिल्या बोटाला त्या धाग्याची खाच पडली आहे, ती आता जायची नाही. रेशीम दुकानदाराचं, विणून झालेली पैठणी दुकानदाराची. आईच्या स्वतःच्या लग्नातली साडी नायलॉनची होती.

रेशमाची पुडकी बंगळूरहून यायची. म्हणून लहानपणी मला वाटायचं, बंगळूर हे शेत असेल आणि तिथं रेशीम कापसासारखं झाडाला लागत असेल.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आधी बी.फार्म., मग एम.फार्म. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे. एम.फार्म.चा प्रबंध पूर्ण करायला मी बंगळूरला गेले होते, त्या आठवड्याची ही हकिकत.

प्रबंध कशावर, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची धावपळ उगाचची वाटेल. कॅन्सरची काही चांगली औषधं पाण्यात विरघळत नाहीत. मी घेतलं होतं ते पॅक्लिटॅक्सेल त्यातलंच एक. पाण्यात टाकलं की खडूच्या भुकटीसारखं तळाला जातं. शिरेतून द्यायचं औषध असं तळाला बसून चालत नाही. म्हणून ते एरंडेल तेलापासून केलेल्या एका द्रवात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून देतात. पण तो द्रवच काही रोग्यांना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, दम लागतो. तसं होऊ नये म्हणून आधी दुसरी औषधं द्यावी लागतात. म्हणजे औषधाचा त्रास वेगळा, औषध ज्यात घातलं त्याचा त्रास वेगळा.

यावर एक वाट अशी, की औषध अगदी सूक्ष्म कणांत भरायचं. केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील इतके बारीक कण. ते पाण्यात तरंगत राहतात, औषध पोटात घेऊन. कण कशाचे करायचे यावर जगभर लोक काम करतात. रेशमाचेही करतात, कारण रेशीम हे शेवटी प्रथिन आहे आणि अंगाला ते बऱ्यापैकी मानवतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी वर्गात रेशमाचं नाव काढलं, तेव्हा मी हात वर केला. दुसऱ्या कुणी करायच्या आत.

नाशिकला आमच्या कॉलेजात रिकामे कण झाले होते. औषध भरलेले कण करायची सोय आमच्याकडे नव्हती. हे औषध विषारी, ते हाताळायला बंदिस्त कपाट लागतं, आणि कण मोजायचं यंत्र लागतं. दोन्ही होसकोटेच्या एका खाजगी प्रयोगशाळेत होतं. सरांच्या ओळखीनं मला तिथले काही दिवस मिळाले. औषध भरलेल्या कणांचं माप मिळालं तर प्रबंध पुरा. नाही मिळालं तर वर्ष गेलं. आणि वर्षाबरोबर कॉलेजातली शिकवायची जागाही गेली असती. ती मला तोंडी कबूल केली होती, पण पदवी हातात असेल तरच.

तेव्हा पाण्यात विरघळवलेलं रेशीम मी कॉलेजातच तयार केलं, बाटलीत भरलं, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि नाशिकहून बसमध्ये बसले.

मल्लेश्वरम

उतरायची सोय सरांच्या थोरल्या बहिणीकडे, मल्लेश्वरमला होती. त्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांची मुलंसुद्धा. लग्न होऊन सोलापूरहून इथे आल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली. त्यांचे यजमान, म्हणजे काका, विमानाच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. घर जुन्या पद्धतीचं, बुटकं. मागे धुण्याची फरशी आणि एक लिंबाचं झाड. दोन्ही बाजूंना उंच इमारती झाल्यात आणि मधे हे घर दाताच्या फटीत अडकल्यासारखं.

दारात अक्का उभ्या होत्या. "ये मा, ये. बस उशिरा आली काय? चप्पल तिथं नको, स्वल्प बाजूला काढ. हातात काय आहे ते?"

"रेशीम आहे, अक्का."

"साडी?"

"नाही, पाणी. रेशमाचं पाणी."

अक्कांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "फ्रिजमध्ये ठेव. ताकाच्या शेजारी ठेवू नकोस म्हणजे झालं, मी न बघता पितो."

जेवायला बिसीबेळे भात होता. डाळ, भात, भाज्या सगळं एकत्र शिजवून वर तूप. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात, इथे तिला मसाला घालून पाहुण्याला वाढतात. पहिला घास मला गोड लागला. मी तसं बोलून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "गूळ असतो त्यात. येवल्याला गूळ मिळत नाही काय?" मिळतो म्हटलं, पण आम्ही तो भातात लपवत नाही. काका हसले. अक्का हसल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढताना तिखट लोणचं पानात जास्त पडलं.

त्यांच्या बोलण्यात मराठी वाक्याला कानडी ठिगळं असतात. 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं. शेजारीण कुंपणावरून "ऊटा आय्ता?" विचारते, म्हणजे जेवण झालं का. या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे मला तीन दिवसांनी कळलं. तोवर मी तिला रोज काय काय जेवले ते हिंदीत सविस्तर सांगत होते.

होसकोटे

सोमवारी मेट्रोनं के. आर. पुरम, तिथून बस. होसकोटेला उतरल्यावर औद्योगिक वसाहतीपर्यंत रिक्षा. बाटलीचा डबा मी सगळी वाट मांडीवर धरला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख नंदिनी मॅडम. इंग्रजी मिसळलेली हिंदी भराभरा बोलणाऱ्या, बुटक्या, गळ्यात दोरीला चष्मा. आत जायचं तर बाहेर चपला काढायच्या, एका बाकावरून पाय पलीकडे टाकायचे, पलीकडे वेगळ्या चपला. केसांना टोपी, अंगावर डगला, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि मग भिंतीला शिवायचं नाही, दाराला शिवायचं नाही, दुसऱ्या माणसाला शिवायचं नाही. मी चुकून कानामागे खाजवलं, तर परत हात धुवायला लावले.

मग डबा उघडला. बाटली काढली, तिरकी केली. आतलं हललं नाही.

मी आणखी तिरकी केली. मग उलटी केली. आत पांढुरकं, थलथलीत काहीतरी बसलं होतं. खरवसासारखं. बोटानं दाबलं असतं तर वडी पडली असती.

मॅडमनी बाटली हातात घेतली. "कशानं आणलंस?"

"बसनं."

"बाटली काठोकाठ भरली होती?"

"नाही. अर्धी. सांडू नये म्हणून."

त्या खुर्चीत बसल्या. "आळी रेशीम कसं काढते, माहीत आहे? तिच्या पोटात ते पातळच असतं. ती डोकं हलवत ते ओढून काढते आणि ओढता ओढता त्याचा धागा होतो. रेशमाला ओढलं, घुसळलं, की ते घट्ट होतं. तू त्याला अर्ध्या बाटलीत नाशिक ते बंगळूर घुसळलंस."

  माझ्या डोक्यात एवढंच आलं, की रस्त्यातल्या सगळ्या खड्ड्यांत मी स्वतःला सावरत होते आणि डब्यात रेशीम आपलं काम करत होतं.

"दुसरं रेशीम आहे?"

"नाही."

मॅडमनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. यंत्र शनिवारी दुपारी मोकळं होतं. त्यानंतर ते दुरुस्तीला जाणार होतं आणि कधी परत येणार ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "कोशापासून सुरू केलंस तर शनिवारपर्यंत जेमतेम होईल. बुधवारी सकाळी मला कोरडं, स्वच्छ रेशीम आणून दे, पुढचं इथे करू. बाजारातली लडी नको, तिला कातताना तेल-साबण लावलेला असतो. कोश हवेत. पण ते इथे आणायचे नाहीत. आत आळी असते. आमच्याकडे इंजेक्शनची कामं चालतात, किड्याचा पायसुद्धा आत येता कामा नये."

कॉलेजात आम्हाला कोशाची कापलेली, रिकामी टरफलं पाकिटातून यायची. अख्खा कोश मी कधी पाहिलाच नव्हता. येवल्यात लडी यायची, कॉलेजात टरफलं. आळी दोन्हीकडून आधीच वगळलेली.

अक्कांचं स्वयंपाकघर

घरी येऊन मी अक्कांना सरळ विचारलं. "उद्या मला एक पातेलं आणि शेगडी लागेल. कोश सोड्याच्या पाण्यात उकळायचेत. त्यांच्यावरचा डिंकासारखा थर निघाला पाहिजे."

"कोश म्हणजे? त्यात किडा असतो ना?"

"असतो."

"अय्यो! किडे उकळायचे? माझ्या घरात? काय बोलतेस मा तू? इथे रोज नैवेद्य होतो. अंडंसुद्धा आलं नाही या घरात."

त्या वेळी त्या संध्याकाळच्या पूजेला बसणार होत्या. सोवळ्यात होत्या. अंगावर जुनं, मऊ पडलेलं अंजिरी पातळ, काठ विरलेले. मी ते पदरावरूनच ओळखलं. रेशीम उकलणाऱ्या आईच्या पोटी जन्म घेतलाय मी.

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही आत्ता नेसलाय ते काय कापसाचं आहे?"

 काकांनी पेपर वर धरला, तोंड झाकेल इतका.

"रेशमी आहे," अक्का म्हणाल्या.

"अशा एका पातळाला हजारो किडे उकळावे लागतात. अख्खे, जिवंत. मला मूठभरच कोश पाहिजेत."

अक्का उठून देवघरात गेल्या. त्या रात्री पान वाढलं काकांनी. वाढताना हळूच म्हणाले, "बोललीस ते बरोबर. पण ही तुझ्या औषधासारखी आहे बघ. पाण्यात लवकर विरघळत नाही."

"मग उद्या?"

"उद्या कोश तर आणू. भांड्याचं नंतर बघू. रामनगरला मी येतो. तुला कानडी येत नाही, तुला ते अख्खा ट्रक देतील."

रामनगर

रामनगर बंगळूरपासून म्हैसूरच्या वाटेवर. तिथे कोशांचा बाजार भरतो. वाटेत बिडदीला काकांनी उतरवलं, कारण तिथली थट्टे इडली खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही असा त्यांचा नोकरीपासूनचा नियम. थट्टे म्हणजे ताट. इडली खरंच लहान ताटाएवढी, वर लोण्याचा गोळा. आमच्या भाकरीच्या आकाराची पण हातात धरता येत नाही, मधेच खचते. मी दोन खाल्ल्या. काका म्हणाले, "दुःखात भूक लागते तुला, चांगलं लक्षण आहे."

बाजाराच्या लांबलचक शेडमध्ये जाळीचे ट्रे ओळीनं मांडलेले आणि त्यांत कोश. पिवळट आणि पांढरे, बोराएवढे, लाखांनी. वास मात्र बोराचा नाही. ओल्या गोणपाटासारखा, थोडा आंबट. सूत काढणारे लोक ट्रेमध्ये हात घालायचे, मूठभर उचलायचे, कानाशी हलवायचे. मीही एक उचलून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. टक् टक्, सुपारीसारखं.

आयुष्य रेशमावर गेलं आमचं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

बाजारात किरकोळ कुणी देत नाही, सगळे ढीग लिलावानं जातात. काकांनी एका सूत काढणाऱ्या माणसाला गाठलं. त्याचा ढीग नुकताच ठरला होता. काका कानडीत बराच वेळ बोलले. त्यात मला फक्त 'कॅन्सर' आणि 'हुडुगी' कळलं, हुडुगी म्हणजे मुलगी. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, पिशवी मागितली आणि ओंजळी ओंजळीनं पांढरे कोश भरून दिले.

"काय सांगितलंत त्याला?" मी परतताना विचारलं.

"की ही कॅन्सरचं औषध शोधून काढतेय."

"काका! मी शोधून काढत नाही. औषध जुनंच आहे. मी फक्त ते कशात भरायचं ते बघतेय."

"ते कानडीत लांबतं," काका म्हणाले.

मागच्या दारी

घरी आलो तर मागच्या फरशीवर अक्कांनी मांडामांड केलेली. एक जुनी गॅसची शेगडी, एक कल्हई गेलेलं पातेलं, दोन बादल्या, आणि लिंबाच्या झाडाला बांधलेली कोरी दोरी. त्या पदर खोचून उभ्या होत्या.

"ऐक. हे पातेलं परत घरात येणार नाही. पाणी बाहेरच्या नळाचं. स्वयंपाकघराचं दार बंद राहील. आणि जिवंत जीव उकळायचा नाही. जमत असेल तर कर."

"जमेल. आमच्या पद्धतीत आळी आधी काढूनच टाकतात. मला फक्त टरफल लागतं."

"मग हे काल सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तू बोललीस ते खरं आहे," अक्का म्हणाल्या, "पण ही बोलायची पद्धत नाही."

"आमच्याकडे हीच पद्धत आहे."

"सरी," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात कात्री दिली.

मी कोश कापत गेले. प्रत्येकातून एक तपकिरी, गुळगुळीत, खारकेच्या बीसारखा जीव निघायचा. आळीचं रूप केव्हाच टाकलेलं, पाखरू अजून न झालेलं. हातावर घेतला की शेपटाकडून वळवळायचा. मला शिसारी आली. अक्कांना आली नाही. त्यांनी परातीत कोंडा पसरला होता, त्यात त्या एकेक ठेवत गेल्या.

"यांचं काय करणार तुम्ही?"

"पाखरू होईल ना याचं?"

"होईल. पण उडता येत नाही त्यांना. फार दिवस जगतही नाहीत."

"उडायला कुणी सांगितलंय," अक्का म्हणाल्या.

टरफलं सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातली. साबणाच्या कारखान्यासारखा वास सुटला. ही पायरी नाजूक असते. कमी उकळलं तर चिकट थर राहतो, जास्त उकळलं तर रेशीम आतून तुटतं. म्हणून मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. मग धुणं. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी पिळून दोरीवर टाकायला गेले तर अक्कांनी अडवलं.

"आधी हात धू. आत्ता केसांना लावलास."

मी हसले आणि त्यांना होसकोटेची गोष्ट सांगितली. तो बाक, त्या वेगळ्या चपला, भिंतीला शिवायचं नाही, कान खाजवला तर परत हात धुवायचे.

अक्का ऐकत राहिल्या. "म्हणजे सोवळंच की."

"तसं नाही, अक्का. तिथे जंतू असतात म्हणून."

"बायका शिवल्या तर चालतं?"

"प्रमुखच बाई आहे."

"कुणीही चालतं? कुठल्याही जातीचं?"

"हात धुतले की कुणीही चालतं."

अक्कांनी ओलं रेशीम दोरीवर पसरलं. कापसासारखं फुललं होतं, मोत्यासारखी झाक. मग म्हणाल्या, "मग ते बरं आहे."

 

पाण्यातले दोन दिवस

बुधवारी मॅडमनी ते रेशीम उजेडात धरून पाहिलं, दोन बोटांनी ओढून पाहिलं आणि "अच्छा" म्हणाल्या. मग ते मिठाच्या दाट पाकात गरम करून विरघळवलं. साधं मीठ नव्हे, लिथियमचं. नंतर ते मीठ काढून टाकायला रेशीम एका पातळ नळीत भरायचं आणि नळी पाण्यात लोंबती सोडायची. मीठ नळीतून बाहेर जातं, रेशीम आत राहतं. याला दोन दिवस लागतात आणि मधे मधे पाणी बदलायचं. ते मॅडमच बदलणार होत्या. मला त्यांनी सांगितलं, "घरी जा. बघत बसल्यानं लवकर होत नाही."

गुरुवारी मला काही काम नव्हतं. पुण्याची एक मैत्रीण आयटीत आहे, सर्जापूर रोडला राहते. तिनं बोलावलं. तिच्या सोसायटीत तीनशे घरं आणि एक गणपती. ती म्हणाली, इथे कानडीशिवाय सहज चालतं, ती दोन वर्षांत एक शब्द शिकलेली नाही. मला त्यात फुशारकी मारण्यासारखं काही दिसलं नाही, तसं मी म्हटलं. तिनं बाहेरून पिझ्झा मागवला. तिथून मल्लेश्वरमला यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी नाशिकहून येवल्याला जाऊन परत आले असते.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी परातीतल्या त्या जिवांचा फोटो तिला पाठवला होता.

"हे काय गं?"

"रेशमाचा किडा. कोशातला."

 मागे वडिलांच्या मागाची खटखट ऐकू येत होती.

"येवढुसा?" आई म्हणाली.

"एवढाच."

"येवढा धागा येच्या एकट्याच्या पोटातून?"

"एका कोशातून जवळजवळ किलोमीटरभर निघतो."

"आन् मंग ह्याला काय मिळतं?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. आई म्हणाली, "तुझं ते मोजायचं कधी हाये?"

"परवा."

"बरं. जेवत जा. फोटो राहू दे फोनमधी, तुझ्या बापाला दावते."

शनिवार

रेशीम पाण्यात स्वच्छ उतरलं होतं, किंचित पिवळसर, पातळ. मी त्याचे दोन भाग केले. सगळं एकदम वापरायचं नाही, हे मॅडमनी सांगायच्या आधीच केलं होतं.

कण करायची रीत अशी. औषध ॲसिटोनमध्ये विरघळवायचं, ॲसिटोनमध्ये ते विरघळतं. मग ते ढवळत ठेवून त्यात रेशमाचं पाणी थेंब थेंब सोडायचं. रेशमाला ॲसिटोन सोसत नाही, ते आकसून कण होतं आणि आकसताना औषध आत कोंडून घेतं. नंतर ॲसिटोन काढून टाकायचा. ऐकायला सोपं आहे. हात कपाटाच्या जाड हातमोज्यांत, काचेपलीकडे, आणि मागे मॅडम.

पहिला भाग बिघडला. मी थेंब भराभरा सोडले. दुधासारखं झालं आणि मग तळाला पांढरे कण दिसायला लागले, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. ते यंत्रात घालायचीही गरज नव्हती. डोळ्यांना दिसणारा कण शिरेतून द्यायचा नसतो.

"घाई कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"यंत्र जाईल म्हणून."

"यंत्र संध्याकाळी जातंय. थेंब आत्ता पडतोय. त्याच्याकडे बघ."

दुसऱ्या भागाला मी खुर्ची ओढून बसले. दोन्ही कोपर टेकले. थेंब पडला की भोवऱ्यात तो पुरता नाहीसा होईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. मागे कुणी काय बोलतं ते मला ऐकू आलं नाही. शेवटचा थेंब पडला तेव्हा मान आखडली होती. पाणी गढूळ झालं नव्हतं. निळसर झालं होतं, पातळ केलेल्या दुधाला असते तशी निळी झाक.

ॲसिटोन गेल्यावर नमुना यंत्रात ठेवला. यंत्र त्यातून लेझर सोडतं आणि कण उजेड कसा विखुरतात त्यावरून माप काढतं. पडद्यावर रेघ वर चढायला लागली. दोन टेकड्या आल्या असत्या तर कण गोळा झालेत असा अर्थ. एकच टेकडी आली. अरुंद. दीडशे नॅनोमीटरच्या जरा पुढे. मॅडमनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तीच. तिसऱ्यांदाही तीच.

"औषध आत आहे का, ते बघायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. तेही तपासलं. घातलेल्या औषधातलं बरंचसं कणांच्या आत होतं.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवरून काढून गळ्यात सोडला. "नमुना इथेच ठेव, फ्रिजमध्ये. यंत्र परत आलं की मी पुन्हा मोजून कळवते. आणि हे बसनं न्यायचं नाही."

मी रविवारी निघाले. अक्कांनी बरोबर डबा दिला, चित्रान्न म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, आणि वेगळ्या पुडीत येवल्याच्या माणसाला लागेल एवढी तिखट चटणी. काका स्टँडवर आले. म्हणाले, "रामनगरच्या त्या माणसाला सांगू का, झालं म्हणून?"

"सांगा. पण काय झालं ते नीट सांगा."

"कानडीत प्रयत्न करतो."

आठवड्यानं दोन फोन आले. पहिला अक्कांचा. परातीतून पाखरं निघाली, पांढरी, जाड पोटाची, आणि उडत नाहीत हे खरंच होतं. शेजारीण बघायला आली होती. दुसरा मॅडमचा, यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. माप तेच होतं, तळाला काही बसलं नव्हतं.

यातून कुठल्या रोग्याला अजून काही मिळालेलं नाही आणि मिळायला पुष्कळ वर्षं लागतील, तेही दुसऱ्या कुणाच्या हातून. हे मी कुणी विचारलं तर सांगते आणि न विचारताही सांगते. झालं ते एवढं: पाण्यात विरघळत नाही ते औषध मी रेशमाच्या कणांत भरलं आणि ते पाण्यात आठवडाभर तरंगत राहिलं. प्रबंध मान्य झाला. जूनपासून मी कॉलेजात शिकवते.